सिंबाच्या आधीचा लिओ

मार्च २०२५ मध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक लाट येऊन गेली, आठवतेय ना? लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो एका रात्रीत कार्टूनसारखे दिसायला लागले. टपोरे डोळे, मऊ उजेड, हिरवंगार गवत. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जो तो आपलं ‘घिबली’ चित्र टाकत होता. फोटो द्यायचा, एक ओळ लिहायची, की झालं चित्र तयार! थोड्याच दिवसांत लाट ओसरलीसुद्धा. पण हे ‘घिबली’ म्हणजे कोण, असं विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. पुष्कळांना ते एखाद्या अॅपचंच नाव वाटलं.

घिबली ही जपानमधली एक चित्रपटसंस्था. हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता हे तिचे दोन मोठे दिग्दर्शक. १९८५ मध्ये ती उभी राहिली आणि हातानं काढलेल्या चित्रांचे सिनेमे हीच तिची ओळख बनली. ‘द विंड राइजेस’ या त्यांच्या २०१३ च्या सिनेमात गर्दीचं एक दृश्य आहे. जेमतेम चार सेकंदांचं. ते काढायला एका कलाकाराला सव्वा वर्ष लागलं. आपल्याला मिनिटभरात जे फुकट मिळालं, त्याच्या मागे अशी वर्षानुवर्षांची मेहनत उभी आहे. मग ते चित्र कुणाचं? ज्यानं फोटो दिला त्याचं, संगणकाचं, की ज्यानं ती शैली हातानं घडवली त्याचं?

हा प्रश्न संगणकामुळे जास्त बोचरा झाला असला, तरी नवा नाही. जपान आणि अमेरिका या कार्टूनच्या दोन मोठ्या घराण्यांमध्ये त्यावरून तीस वर्षांपूर्वीच एक वाद झाला. तो झाला एका सिंहाच्या छाव्यावरून, आणि आजही तो पुरता मिटलेला नाही.

दोन छावे

१९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेत डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला. वडिलांच्या मृत्यूनंतर राज्यातून पळालेला छावा सिंबा मोठा होऊन परत येतो आणि कपटी काकाला हरवतो, ही गोष्ट आपल्याकडेही घराघरांतल्या मुलांना पाठ आहे. त्या पहिल्या फेरीतच सिनेमानं जगभरात पंचाहत्तर कोटी डॉलर्सहून जास्त कमाई केली. पुढे १९९७ मध्ये त्याचं नाटक आलं, २०१९ मध्ये नवा सिनेमा आला. त्याच्या हिंदी आवृत्तीत शाहरुख खान आणि त्याच्या मुलानं आवाज दिले, म्हणून आपल्याकडे त्याची चर्चाही बरीच झाली. २०२४ च्या अखेरीला ‘मुफासा’ आला.

पण १९९४ चा सिनेमा पाहून जपानमध्ये अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कारण त्यांच्याकडे असाच एक छावा आधीपासून होता. त्याचं नाव लिओ. रंगानं पांढरा. ओसामु तेझुका या चित्रकारानं १९५० ते १९५४ या काळात त्याची गोष्ट चित्रकथेच्या रूपात लिहिली होती. नाव होतं ‘जंगल तायतेई’, म्हणजे जंगलाचा सम्राट. १९६५ मध्ये त्यावर टीव्ही मालिका आली. जपानमधल्या पहिल्यावहिल्या रंगीत कार्टून मालिकांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. १९६६ पासून तीच मालिका इंग्रजीत ‘किम्बा द व्हाइट लायन’ या नावानं अमेरिकेत दाखवली गेली. म्हणजे अमेरिकेतली एक अख्खी पिढी किम्बा बघत वाढली होती. गंमत म्हणजे मोठ्या सिंबाला आवाज देणारा अभिनेता मॅथ्यू ब्रॉडरिक यालाही काम मिळालं तेव्हा वाटलं, की आपण लहानपणी पाहिलेल्या त्या किम्बाचाच हा सिनेमा असणार!

तेझुका हे साधं नाव नव्हे. त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं होतं, पण आयुष्य चित्रांना दिलं. जपानी चित्रकथांना, म्हणजे ‘मांगा’ला, आजचं रूप ज्यांच्यामुळे आलं त्यांत त्यांचा मान पहिला. गौतम बुद्धांच्या चरित्रावरही त्यांनी मोठी चित्रकथामालिका केली. १९८९ मध्ये ते गेले. ‘लायन किंग’ पाहायला ते नव्हते.

साम्य कशात आहे? दोन्हीकडे राजा असलेल्या वडिलांना गमावलेला छावा आहे. दोन्हीकडे शहाणं बबूनसारखं माकड आहे, बडबड्या पक्षी आहे, दुष्ट सिंहाच्या आगेमागे फिरणारे तरस आहेत. किम्बातला खलनायक सिंह एका डोळ्यानं अधू, तर ‘लायन किंग’मधल्या स्कारच्या डोळ्यावर व्रण. उंच कड्यावर उभं राहून राज्याकडे पाहणारा सिंह दोन्हीकडे आहे. त्यात किम्बा आणि सिंबा ही नावं इतकी जवळची! (‘सिंबा’ म्हणजे स्वाहिली भाषेत सिंह, हे मात्र लक्षात घ्यायला हवं.)

आता दुसरी बाजू. लिओच्या वडिलांना शिकारी माणूस मारतो, सिंबाच्या वडिलांना सख्खा भाऊ. लिओची आई पकडली जाते, जहाजावर त्याला जन्म देते आणि तो समुद्र पोहून किनाऱ्याला लागतो. पुढे तो माणसांत राहतो, त्यांच्याकडून शिकतो. प्राण्यांनी एकमेकांना न मारता कसं जगावं, याची त्याला चिंता आहे. सिंबाच्या गोष्टीत माणूसच नाही. तिचा सांगाडा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या जवळ जातो आणि डिस्नेच्या लोकांनीही तेच सांगितलं. शिवाय साम्य दाखवायला जी चित्रं शेजारी शेजारी ठेवून फिरवली जातात, त्यांतली काही लिओवरच्या १९९७ च्या जपानी सिनेमातली आहेत. तो तर ‘लायन किंग’च्या तीन वर्षांनंतरचा! मोबाईलवर आलेला ‘पुरावा’ तपासून घ्यावा तो असा.

मग चोरी झाली की नाही? ‘लायन किंग’च्या दिग्दर्शकांनी स्पष्ट सांगितलं, की किम्बा आमच्या डोळ्यांसमोर नव्हता. टीकाकार म्हणाले, हे कसं शक्य आहे? त्या दोघांतले एक, रॉजर अॅलर्स, १९८० च्या दशकात कार्टूनच्याच कामासाठी टोकियोत राहिले होते. कुणाच्या मनात काय होतं, हे सिद्ध कसं करणार? कायदाही इथे फार पुढे येत नाही. ‘अनाथ राजपुत्र परत येऊन राज्य मिळवतो’ या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. तशा गोष्टी तर आपल्या आज्यांनीही सांगितल्या आहेत.

मागणी नावाची होती

या वादात सगळ्यात ठळक आवाज उठवला तो एका बाईनं. माचिको सातोनाका या जपानमधल्या नामवंत चित्रकथाकार. त्यांनी डिस्नेला उघड पत्र लिहिलं आणि त्यावर शेकडो चित्रकारांनी, चाहत्यांनी सह्या केल्या. त्या पत्राचा सूर भांडखोर नव्हता. तेझुकांच्या कामाची दखल घ्या, त्यांचं ऋण मान्य करा, एवढंच त्यात मागितलं होतं.

तेझुकांच्या कंपनीनं खटला भरला नाही. त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, की आमच्या मते ही दोन वेगळी कामं आहेत, आणि डिस्नेच्या लोकांवर तेझुकांचा प्रभाव पडला असेलच, तर त्यांना त्याचा आनंदच झाला असता. असं म्हणण्याला कारण होतं. तेझुका स्वतः डिस्नेचे भक्त होते. ‘बॅम्बी’ हा हरणाच्या पाडसाचा सिनेमा त्यांनी कितीतरी वेळा पाहिला होता, १९५२ च्या सुमाराला त्याची चित्रकथाही काढली होती. जपानी कार्टूनमधले ते मोठाले डोळे येतात, त्यामागेही अमेरिकन कार्टूनचा संस्कार आहे. तेझुकांनी हे कधी लपवलं नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत वॉल्ट डिस्नेंची भेट झाली, ते ही आठवण अभिमानानं सांगत.

म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. फरक कुठे होता? तेझुका म्हणाले, ‘मी डिस्नेंकडून शिकलो.’ दुसऱ्या बाजूनं मात्र ‘आम्हाला तेझुका ठाऊकच नव्हते’ असं उत्तर आलं. सातोनाकांना आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांना जे लागलं ते हे.

‘बॅम्बी’च्या मागे कोण होतं?

तेझुकांना वेड लावणारा हा ‘बॅम्बी’ १९४२ चा. पडद्यावर वॉल्ट डिस्ने हे नाव मोठं. पण मूळ गोष्ट ऑस्ट्रियाचे ज्यू लेखक फेलिक्स साल्टन यांच्या कादंबरीतली. तिचे चित्रपटाचे हक्क त्यांनी एका अमेरिकन दिग्दर्शकाला हजार डॉलर्सना विकले आणि पुढे ते डिस्नेकडे गेले. नाझींनी त्यांच्या पुस्तकांवर बंदी आणली होती, देश सोडून ते स्वित्झर्लंडला गेले आणि तिथेच वारले.

धुक्यात हरवलेलं, शाईच्या ओघळांतून उमटल्यासारखं ‘बॅम्बी’तलं जंगल दिसतं, ती दृष्टी टायरस वाँग या चिनी वंशाच्या चित्रकाराची. लहानपणी वडिलांबरोबर तो अमेरिकेत आला. जुन्या चिनी निसर्गचित्रांचा धागा त्यानं सिनेमात आणला आणि सगळ्या सिनेमाचा रंग त्यानं ठरला. श्रेयनामावलीत मात्र त्याचं नाव पार्श्वचित्रं रंगवणाऱ्यांच्या यादीत एक म्हणून आलं. डिस्नेनं त्याचा मोठा सन्मान केला तो २००१ मध्ये, तेव्हा तो नव्वदीत होता. २०१६ मध्ये १०६ वर्षांचा होऊन तो गेला.

आणि आपल्या जवळचा मुद्दा म्हणजे बायकांचा. त्या काळी डिस्नेकडे शेकडो मुली कामाला होत्या. पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनं गिरवायची आणि एकेक करून रंगवायची, हे त्यांचं काम. मान मोडून, हात थरथरू न देता. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ची हजारो चित्रं अशा हातांखालून गेली, पण पडद्यावर त्या मुलींची नावं आली नाहीत. कल्पक काम पुरुषांचं, बायकांनी रंग भरायचे, अशी कंपनीची लेखी भूमिकाच होती. ‘बॅम्बी’मध्ये हा नियम एकदा मोडला. हरणीच्या मागे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांचा तो थरारक प्रसंग रेटा स्कॉट या तरुणीनं काढला. अॅनिमेटर म्हणून डिस्नेच्या पडद्यावर नाव झळकलेली ती पहिली बाई. तो प्रसंग एखाद्या धिप्पाड पुरुषानं काढला असावा, असं पाहणाऱ्यांना वाटे म्हणे!

थोडक्यात, श्रेय हरवण्यासाठी दुसऱ्या देशातला चोर यावाच लागतो असं नाही. एकाच छपराखाली, एकाच घरात ते हरवतं. आपल्याला हे काही नव्यानं सांगायला नको.

एका गाण्याची किंमत

नावाला एवढं काय महत्त्व, असं कुणाला वाटेल. तर त्याचं उत्तरही ‘लायन किंग’मध्येच आहे. टिमॉन आणि पुम्बा जंगलातून चालताना एक गाणं गुणगुणतात, सिंह आज रात्री झोपलाय अशा अर्थाचं. त्या गाण्याचा मूळ कर्ता सॉलोमन लिंडा. दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये त्यानं आपल्या साथीदारांबरोबर ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. रेकॉर्ड कंपनीतच तो बांधणीचं काम करायचा. गाण्याचे हक्क गेले दहा शिलिंगांना.

रेकॉर्ड अमेरिकेत पोहोचली. तिथल्या गायकांनी १९५० च्या दशकात ते आपल्या पद्धतीनं गायलं, १९६१ मध्ये त्याला इंग्रजी शब्द जोडले गेले आणि ते जगभर गाजलं. कागदावर नावं दुसऱ्यांची होती. १९६२ मध्ये लिंडा वारला तेव्हा बँकेत पंचवीस डॉलर्सही नव्हते. त्याच्या थडग्यावर दगड बसवायला घरच्यांना अठरा वर्षं लागली. मागे राहिली बायको आणि मुली. पुढे त्यांच्याकडूनही कागदांवर सह्या घेतल्या गेल्या.

२००० मध्ये रियान मलान या दक्षिण आफ्रिकेच्या पत्रकारानं ही सगळी हकीकत शोधून लिहिली. नुसत्या ‘लायन किंग’मधल्या वापरातून या गाण्यानं दीड कोटी डॉलर्स मिळवले असावेत, असा अंदाज त्यानं मांडला. मग एक जुना कायदा कामाला आला. ब्रिटिश काळातल्या त्या तरतुदीनुसार कर्त्याच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झाली, की हक्क वारसांकडे परत येतात. त्या आधारावर २००४ मध्ये लिंडाच्या मुलींच्या वतीनं डिस्नेवरच दावा ठोकला गेला. चौघींतली एक तोवर वारली होती, उरल्या होत्या तिघी. २००६ मध्ये गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी तडजोड झाली. हे गाणं ‘म्बुबे’वरूनच आलं आणि लिंडा त्याचा सहसंगीतकार आहे, हे मान्य झालं. मागचे पैसे आणि पुढच्या उत्पन्नातला वाटा देण्याचं ठरलं. २०१९ मध्ये यावर माहितीपट आला, त्यात मुलींच्या हातात प्रत्यक्षात पडलं त्याबद्दल त्या समाधानी दिसत नाहीत. इतकी वर्षं नाव नव्हतं, त्याची भरपाई एका करारानं कशी होणार?

किम्बाच्या बाबतीत चोरी झाली का, यावर वाद घालता येतो. लिंडाच्या बाबतीत वादाला जागाच नाही. नाव पुसलं की मागोमाग पैसाही जातो, आणि त्याचा फटका शेवटी घरातल्या बायकामुलांना बसतो.

सांगून घेतलं तर?

सांगून, मान देऊन घेतलं तर काही बिघडत नाही, याचीही उदाहरणं आहेत. ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) करणाऱ्या वाचोव्स्की भावंडांनी ‘घोस्ट इन द शेल’ या १९९५ च्या जपानी कार्टूनपटाचं ऋण उघड मान्य केलं. ‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) मध्ये खेळण्यांच्या गर्दीत घिबलीचा तो गोलमटोल टोटोरो बसलेला दिसतो. तो पाहुणा म्हणून आला आहे, सगळ्यांना ओळख देऊन. यानं ‘टॉय स्टोरी’ची किंमत कमी झाली का? उलट टोटोरो कोण, हे अनेक मुलांना त्यातून कळलं.

आणि आपल्या ओळखीचं उदाहरण तर मोगलीचं. १९९० च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर जे ‘जंगल बुक’ लागायचं, ते जपानमध्ये बनलेलं होतं. हिंदीतलं त्याचं गाणं गुलजारांचं. अमेरिकेत डिस्नेनं १९६७ मध्येच मोगली पडद्यावर आणला होता. दोन्हीकडे भालू, बघीरा, शेरखान तेच. तरी चोरीचा आरोप कुणी केला नाही. कारण दोघांनीही किपलिंगच्या पुस्तकाचं नाव घेतलं होतं. त्या पुस्तकातलं सिवनीचं जंगल म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून असलेला पेंचचा परिसर. उगम ठाऊक असला, की दोन वेगळ्या रूपांची मजा घेता येते. साम्य खुपत नाही.

आता काळाचा महिमा बघा. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल या कंपन्यांनी अमेरिकेत एका एआय कंपनीवर खटला भरला. तक्रार काय, तर आमची पात्रं, म्हणजे एल्सा, मिनियन्स वगैरे, न विचारता वापरली जातात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेनं दुसऱ्या एआय कंपनीला पत्र लिहिलं, की आमच्या सभासदांच्या कलाकृती परवानगीशिवाय वापरू नका. एकेकाळी जे समोरासमोर उभे होते, त्यांची तक्रार आज एकच आहे. माणूस निदान ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणू शकतो. यंत्रात तर लाखो चित्रं भरलेली असतात आणि बाहेर पडताना एकाचंही नाव त्यावर नसतं.

आपल्याला यातून काय घ्यायचं? एक म्हणजे कायद्याची माहिती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ सांगतं, की कर्त्यानं हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. कविता, चित्र, डिझाइन, गाणं, काहीही कुणाला देताना ही गोष्ट ध्यानात असू द्या. कशावर सही करतोय ते वाचल्याशिवाय सही नको. लिंडाच्या घरातल्या बायकांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट रोजची. रांगोळीचं डिझाइन, भरतकामाचा नमुना, एखादीची कविता पुढे पाठवताना खालचं नाव कापलं जात असेल, तर ते राहू द्यावं. कुणाकडून शिकलो ते सांगावं. त्यानं आपलं काही कमी होत नाही.

आणि मुलांबरोबर कार्टून बघत असाल, तर संपल्यावर लगेच रिमोट दाबू नका. ती भराभरा सरकणारी नावं थोडी जाऊ द्या. डोरेमॉन कुणी काढला, सिंबाच्या आधी लिओ कोण होता, हे एकदा विचारा त्यांना. नसेल ठाऊक तर दोघं मिळून शोधा. मुलांना हा शोध खेळासारखा वाटतो, आणि चित्रामागे कुणाचा तरी हात असतो हे त्यांना आपोआप कळत जातं.